पाटल्या मोडण्याआधी कार्डाचा हिशेब मांडा

प्रश्न : माझे वय २७. लग्नाला दीड वर्ष झाले असून आम्ही दोघे चिंचवडला भाड्याच्या घरात राहतो. यजमान चाकणच्या एका कंपनीत आहेत आणि त्यांच्या हातात ३५,५०० रुपये येतात. मी एका खासगी रुग्णालयात बिलिंगच्या काउंटरवर असून मला १७,५०० मिळतात. भाडे १३,०००, लग्नासाठी काढलेल्या चार लाखांच्या कर्जाचा हप्ता ९,३००, दुचाकीचा हप्ता ३,४०० आणि सासू-सासऱ्यांना गावी ६,००० जातात. फ्रिज, नणंदेच्या लग्नातील आहेर आणि सासऱ्यांचे डोळ्याचे ऑपरेशन यांमुळे क्रेडिट कार्डावर ६२,००० रुपये थकले असून आम्ही दरमहा फक्त किमान रक्कम भरतो. काटकसर म्हणून यजमान माझ्याकडून प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतात. माझ्या पगाराच्या खात्याचे एटीएम कार्डही त्यांच्याकडेच असते. मागच्या महिन्यात ब्लाउजच्या ३५० रुपये शिलाईवरून दोन दिवस अबोला होता. आता कार्ड फेडण्यासाठी माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मोडाव्यात असे त्यांचे म्हणणे आहे. मी त्यांना न सांगता १२ जणींच्या भिशीत दरमहा २,००० भरते आणि पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे. सासूबाई फ्लॅट बुक करा म्हणतात. मी काय करावे?

– एक वाचक, चिंचवड

उत्तर : प्रिय भगिनी,

तुमचे पत्र वाचताना सर्वात आधी जाणवले ते हे की तुम्ही दोघेही उधळे नाही. कार्डावर थकलेली रक्कम चैनीची नाही. ती घर मांडण्याची, नात्यांची आणि आजारपणाची आहे. तरीही घरात भांडण होते ते शिलाईवरून, कारण ३५० रुपये डोळ्यांसमोर खर्च होतात आणि कार्डाचे व्याज कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी ते व्याज कागदावर मांडू.

कार्डाचा व्याजदर तुम्ही लिहिलेला नाही, पण तो दरमहा साडेतीन टक्के धरला तर ६२,००० रुपयांवर महिन्याला २,१७० रुपये व्याज होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागून ते २,५६० च्या घरात जाते. किमान रक्कम बहुधा थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ३,१०० रुपये असते. याचा अर्थ, तुम्ही दर महिन्याला पोटाला चिमटा काढून जे ३,१०० भरता, त्यातले जेमतेम साडेपाचशे रुपये मुद्दलात जातात. त्यातच, पूर्ण थकबाकी भरली नाही की बिनव्याजी मुदत संपते, म्हणून त्या कार्डावर आज किराणा घेतला तर त्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. ही गळती चालू असताना भाजीच्या जुडीमागे वाचवलेले पाच रुपये तुम्हाला कुठेही नेणार नाहीत. तुमच्या घरात काटकसर कमी पडत नाही, ती चुकीच्या जागी चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पाटल्यांविषयी. त्या तुमचे स्त्रीधन आहेत, त्यांच्यावर कायद्याने फक्त तुमचा हक्क आहे आणि त्या मोडायच्या की नाही हे ठरवणे सर्वस्वी तुमच्या हाती आहे. संसारासाठी सोने कधीच काढू नये असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे अडीनडीला सोन्यानेच अनेक घरे तारली आहेत. पण तुमच्यावर ती वेळ आलेली नाही. भिशीचे २४,००० पुढच्या महिन्यात हातात येतील, ते सगळेच्या सगळे कार्डावर भरावेत. उरलेली सुमारे ३८,००० रुपयांची रक्कम हप्त्यांत बदलून देण्याची विनंती बँकेकडे करावी. बहुतेक बँका ही सोय देतात आणि तिचा दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. वार्षिक १६ टक्के धरला तर १२ महिन्यांचा हप्ता करासह साडेतीन हजारांच्या आसपास येईल. प्रक्रिया शुल्क किती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. आज भरता त्यापेक्षा महिन्याला फार तर चारशे-पाचशे रुपये जास्त भरून वर्षभरात कार्ड कोरे होत असेल, तर आईच्या पाटल्या सराफाच्या तराजूत टाकण्याचे कारणच उरत नाही. मात्र त्या वर्षात ते कार्ड कपाटात राहिले पाहिजे, आणि हा नियम दोघांनाही सारखाच लागू असावा.

अर्थात, यासाठी तुम्हाला भिशीची गोष्ट यजमानांना सांगावी लागेल. ती लपवल्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही, कारण जिथे शिलाईचाही जाब द्यावा लागतो तिथे बाईने स्वतःपुरते काही बाजूला ठेवणे मला अगदी स्वाभाविक वाटते. पण हे पैसे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याच तोंडून, हिशेबाच्या कागदासह कळलेले चांगले. महिनाअखेरच्या रात्री हा विषय काढू नका. पगार झाल्यानंतरच्या रविवारी सकाळी, दोघांची पासबुके, कार्डाचे बिल आणि कर्जाचे कागद समोर ठेवून बसा. या फेरीत नंबर लागला तरी उरलेल्या महिन्यांचे २,००० भरावेच लागतील, हेही त्याच वेळी सांगा. ती फेरी संपली की पुढची भिशी घेऊ नका, कारण अशा घरगुती भिशीची कुठे नोंद नसते आणि एखादी सदस्य मध्येच थांबली तर दाद मागणे कठीण होते; त्यापेक्षा बँकेतली आवर्ती ठेव बरी.

त्याच कागदावर पुढचा हिशेब मांडा. मिळकत ५३,०००. भाडे, गावचे पैसे, दोन्ही हप्ते, कार्डाचा नवा हप्ता आणि भिशी मिळून ३७,२०० जातात आणि १५,८०० उरतात. यातून आधी २,५०० रुपये बाजूला काढा, आणि का ते नीट लक्षात घ्या. दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गावची जत्रा, गाडीचा विमा, भाडेकराराचे नूतनीकरण हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. पण महिन्याच्या हिशेबात त्यांना जागा नसल्यामुळे ते प्रत्येक वेळी कार्डावर जाऊन बसतात. वर्षाला ३०,००० धरून त्यांचे बारा भाग करा आणि १२ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. आहेराचा आकडाही आताच ठरवून ठेवा, कारण मांडवाच्या दारात उभे राहून कोणालाही काटकसर करता येत नाही.

त्यानंतर प्रत्येकी एक हजार रुपये, ज्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. एवढ्या तंगीत ही चैन कशाला, असे यजमान म्हणतील. मला ती चैन वाटत नाही. महिनाभर उभे राहून कमावणाऱ्या माणसाला स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याइतकी रक्कमही हातात मिळत नसेल, तर काटकसरीचा राग येऊ लागतो आणि मग लपवाछपवी सुरू होते. तुमच्या घरात ती झालीच आहे. शिलाई या हजारातून होईल आणि त्यांचा मित्रांबरोबरचा चहा-वडापावही. उरलेल्या ११,३०० रुपयांत किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल आणि मोबाइल भागवणे ओढाताणीचे आहे, पण कंपनीची बस आणि कँटीन असेल तर अशक्य नाही. गावी शेती असल्यास जोंधळा आणि डाळ तिकडून आणा. त्यात कमीपणा मानू नका.

गावी पाठवायच्या ६,००० रुपयांना हात लावावा असे मला वाटत नाही. मात्र त्याव्यतिरिक्त अधूनमधून मागितली जाणारी रक्कम दोघांनी बोलून द्यावी. आणि उद्या तुमच्या आईला गरज पडली, तर तिच्यासाठीही याच मिळकतीतून वाट असावी.

एटीएम कार्डाबाबत मात्र मी मऊ बोलणार नाही. तुमच्या पगाराचे खाते तुमचे आहे आणि कार्ड तुमच्याकडेच असले पाहिजे. घरखर्चासाठी संयुक्त खाते उघडून दोघांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात त्यात पैसे टाकावेत. तुमचे यजमान वाईट आहेत असे पत्रावरून मला वाटत नाही; कर्जाच्या धास्तीने माणूस जे हाताशी असते तेच घट्ट धरतो. पण समजावूनही कार्ड मिळाले नाही, किंवा पाटल्यांसाठी जबरदस्ती झाली, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. तशी वेळ आली तर एकट्याने सोसू नका. माहेरच्या माणसांना सांगा आणि मला पुन्हा लिहा.

सासऱ्यांच्या ऑपरेशनमुळे आणखी एक सांगावेसे वाटते. तुमचे एकूण वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल, तर तुम्हाला ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असण्याची बरीच शक्यता आहे, पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा. दिसत असेल, तर तुमच्या आणि यजमानांच्या उपचारांची मोठी सोय आधीच आहे. यजमानांच्या कंपनीचा गट आरोग्य विमा असल्यास त्यात कोणाकोणाची नावे आहेत तेही विचारा. शिवाय बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आणि २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा, या दोन्ही सरकारी योजना दोघांच्या नावे सुरू करता येतात. पहिल्यात मृत्यूनंतर आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात.

फ्लॅटचे उत्तर सासूबाईंना यजमानांनीच द्यावे, तुम्ही नव्हे. गृहकर्ज देताना बँक चालू हप्ते आधी मोजते आणि कार्डाचा नवा हप्ता धरला तर तुमच्या मिळकतीतले सोळा हजारांहून अधिक रुपये हप्त्यांतच जातील. कार्ड फिटले की तेच साडेतीन हजार दर महिन्याला अडीनडीसाठी वेगळ्या खात्यात टाका, तीन महिन्यांचा घरखर्च साठू द्या, लग्नाचे कर्ज निम्म्याच्या खाली येऊ द्या, आणि त्यानंतर बुकिंगचा विचार करा.