मेगापिक्सेलपेक्षा लेन्सवर खर्च कर

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा घ्यावा की ४५ चा, यात अडकू नकोस. (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, म्हणजे पिक्सेल.) १२ बाय ८ इंचाची उत्तम प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, काढायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीला ८ च्या आसपास. शिवाय रुंदी आणि उंची दोन्हीकडे तपशील दुप्पट हवा तर मेगापिक्सेल चौपट लागतात, म्हणून २४ वरून ३० वर गेल्याचा फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो.

नाशिकच्या रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचं बघ. उजेड कमी, ज्योती सारख्या हलत असतात. तिथे कामाला येतो मोठा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, आणि भरपूर उजेड आत घेणारी एफ १.८ ची लेन्स. ५० एमएमची तशी लेन्स बऱ्यापैकी स्वस्त मिळते, आधी तीच घे. हात हलला किंवा फोकस चुकला, तर जास्त पिक्सेल ती चूकच ठळक दाखवतात.

एक अपवाद मात्र खरा. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पक्षी लांब असतात, क्रॉप करावंच लागतं, म्हणजे फोटोच्या कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवावा लागतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केलीस की उरतात फक्त ६. तरी तिथेही आधी लांब पल्ल्याची लेन्स बघ, आणि उजाडतानाच पोहोच. ऊन चढलं की हवा थरथरते, मग महागड्या कॅमेऱ्यातही पिसं स्पष्ट येत नाहीत.