बदकाच्या नाकातला पाहुणा

प्रश्न : मी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी करते. आमच्या भाऊंनी घरामागं बदकं पाळलीयत, त्यातल्या एका पिल्लाच्या नाकातून स्वॅब घेऊन ब्लड अगारवर (जंतू वाढवायचं रक्त घातलेलं माध्यम) लावला तर एक कॉलनी, म्हणजे जंतूंचा ठिपका आला, आणि टेस्टिंग किट म्हणतंय कशाशीच जुळत नाही. नवीन स्पीशीज असेल का? असेल तर गावाचं नाव देता येईल?

उत्तर : घाई नको ताई. किटला ओळखता आलं नाही म्हणजे जंतू नवीन असं होत नाही, बहुतेक किट माणसांच्या दवाखान्यातले जंतू डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात, त्यांना बदकाचं काय कळणार. आणि पिल्लू आजारी असेल तर नावाची वाट न बघता आधी पशुवैद्याला दाखवा.

बदकांच्या बाबतीत तर भलेभले फसलेत. बदकांना आजारी पाडणाऱ्या रिमेरेला अनाटिपेस्टिफर या जंतूचंच बघा ना. १९०४ मध्ये रीमर यांनी हंसांमधे त्याचा आजार नोंदवला, मग १९३२ ला अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या पेकिन बदकांमधे जंतू सापडला आणि त्याला फायफरेला या जीनसमधे (जवळच्या स्पीशीजचा गट) टाकलं, पुढं कुणी मोराक्सेला म्हणालं, कुणी पाश्चुरेला. दिसायला ग्राम निगेटिव्ह (ग्राम रंगात गुलाबी), हलत नाही, मॅककॉन्की माध्यमावर वाढत नाही, त्यात आजाराची लक्षणं पाश्चुरेलामुळं पक्ष्यांना होणाऱ्या कॉलऱ्यासारखी, मग माणूस तिकडंच जाणार. १९९३ ला डीएनए आणि आरआरएनए जुळवून बघितलं तेव्हा कळलं की हा पाश्चुरेलाचा लांबचासुद्धा नातेवाईक नाही, हा फ्लॅव्होबॅक्टेरियाच्या घरातला! म्हणजे ६० वर्षं चुकीच्या घरात राहिला बिचारा. मग रीमर यांच्या नावानं नवा जीनस काढला. १९९९ ला पेकिन बदकांतूनच कोएनोनिया अनाटिना नावाचा वेगळा जीनस निघाला, तोही आधी रिमेरेलासारखाच वाटायचा.

तेव्हा तुमच्या कॉलनीचं आधी १६एस आरआरएनए जीनचं (जंतूंची ओळख पटवायला वापरतात तो जीन) सिक्वेन्सिंग करून घ्या, साधारण १५०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या १५०० अक्षरांचा तुकडा असतो. जवळच्या ओळखीच्या स्पीशीजच्या टाइप स्ट्रेनशी (स्पीशीजचा नमुना म्हणून ठरवलेला वाण) ९८.७ टक्क्यांच्या खाली जुळलं तर शंका घ्यायला जागा आहे. वर जुळलं तर तीच स्पीशीज असेलच असंही नाही, आणि इथंच पोरं अडकतात. तेव्हा पूर्ण जीनोम वाचायचा आणि दोन जीनोम किती सारखे आहेत ते बघायचं, त्याला एएनआय म्हणतात, ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेलं की वेगळी स्पीशीज मानतात. कॉम्प्युटरवर काढलेल्या डीएनए हायब्रिडायझेशनचा (दोघांचे डीएनए एकमेकांना किती जुळून चिकटतील त्याचा) आकडा ७० टक्क्यांच्या खाली आला तरी तेच. शिवाय किती तापमानाला वाढतो, फॅटी अ‍ॅसिड कुठली, हे सगळं शेजारच्या स्पीशीजबरोबर बाजूबाजूला ठेवून बघायचं. एकाच कॉलनीवर गाडी हाकू नका, आणखी दोनचार बदकांचे स्वॅब घ्या, एकच स्ट्रेन असेल तर लोक नाक मुरडतात.

नाव मान्य व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनला (जंतू जपून ठेवणारी संस्था) द्यावा लागतो. त्यातलं एक आपल्या पुण्यातलंच नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स होऊ शकतं, दुसरं बाहेरचं शोधा.

आता गावाचं नाव. देता येतं, लॅटिन वळणानं शेवटी "एन्सिस" लावतात. स्वतःचं नाव मात्र द्यायचं नसतं, तसा संकेत आहे. आणि एकदा दिलं की ते चिकटतं बरं का, गॅलिबॅक्टेरियम अनाटिसचं बघा, १९८५ ला पाश्चुरेला अनाटिस म्हणून बदकाच्या नावानं ओळख झाली, २००३ ला जीनस बदलून कोंबडीच्या नावाचा झाला, पण "अनाटिस" म्हणजे बदकाचं हे शेपूट तसंच राहिलं आणि आज लोक त्याला ओळखतात ते मुख्यतः कोंबड्यांच्या आजारासाठी. त्यामुळं तुमचा जंतू उद्या शेजारच्या तालुक्यातल्या कोंबडीत सापडला तरी नाव तुमच्याच गावाचं राहील. सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट आला की कळवा.