टस्कीगी एअरमनपैकी जे विमान उडवत नव्हते, त्यांनी युद्धात नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंय की टस्कीगी एअरमनबद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय हवाई तुकड्यांबद्दल, शोधलं की लाल शेपटीची मस्टँग विमानं आणि कृष्णवर्णीय वैमानिक एवढंच सापडतं. त्यांच्या मेकॅनिकांनी युद्धात काय केलं, आणि त्यांनाही टस्कीगी एअरमन म्हणायचं का?

म्हणायचंच. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, आधी पिस्टन इंजिनच्या प्रशिक्षण विमानांवर आणि नंतर जेटवर. त्यामुळे या प्रश्नात माझा जीव जरा जास्तच गुंतलेला आहे. वैमानिक साधारण हजार होते, आणि त्यांना हवेत ठेवणारी माणसं चौदा हजारांच्या आसपास. मेकॅनिक, शस्त्रं भरणारे, रेडिओवाले, पॅराशूट घडी करणारे, हवामान पाहणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, नर्स, सगळे त्यात आले.

हे सगळे कृष्णवर्णीयच का घ्यावे लागले, याचं कारण अमेरिकी सैन्याच्या वर्णभेदात आहे. 1925 साली आर्मी वॉर कॉलेजच्या अहवालात कृष्णवर्णीय माणसं बुद्धीने आणि धैर्याने कमी पडतात, असं चक्क लिहिलेलं होतं. 1940 मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांना अडचण वाटत होती ती वेगळीच: कृष्णवर्णीय वैमानिक म्हणजे कृष्णवर्णीय अधिकारी, आणि त्यांच्या हाताखाली गोरे मेकॅनिक कसे चालतील? म्हणून तुकडी उभारायची तर झाडूवाल्यापासून इंजिनवाल्यापर्यंत सगळी माणसं कृष्णवर्णीयच हवीत, असं ठरलं.

त्यामुळे 99व्या स्क्वाड्रनची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या पहिल्या लढाऊ विमान तुकडीची, सुरुवात वैमानिकांपासून झालीच नाही. 22 मार्च 1941 रोजी इलिनॉयमधल्या शान्यूट फील्डवर ती कागदोपत्री उभी राहिली, आणि तिथे सुमारे अडीचशे जवान इंजिन, धातूकाम, शस्त्रं, रेडिओ असे ट्रेड शिकायला लागले. अलाबामातल्या टस्कीगीला प्रशिक्षण घेऊन पहिले पाच वैमानिक बाहेर पडले ते 7 मार्च 1942 ला. जवळजवळ एक वर्ष ही तुकडी फक्त जमिनीवरच्या माणसांची होती. हे फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतं.

एप्रिल 1943 मध्ये ते उत्तर आफ्रिकेत पोहोचले. विमानं पी-40. पुढे इटली. 332वा फायटर ग्रुप, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या स्क्वाड्रनचा मोठा गट, 1944 च्या सुरुवातीला तिथे आला आणि त्या वर्षी त्याच्या मेकॅनिकांनी जे केलं ते फिटर म्हणून मला थक्क करतं. फेब्रुवारीत त्यांच्याकडे पी-39 होतं. त्याचं अ‍ॅलिसन इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असतं आणि त्याचा शाफ्ट कॉकपिटखालून पुढे पंख्यापर्यंत जातो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं पी-47, त्याचं इंजिन हवेने थंड होणारं, अठरा सिलिंडरचं, गोलाकार मांडणीचं. जुलैत पी-51 मस्टँग, तिचं मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं आणि कूलंटने थंड होणारं. सहा महिन्यांत तीन विमानं, तिन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळी, आणि मोहिमा मात्र चालूच. आमच्याकडे विमानाचा प्रकार बदलला की आधी रीतसर कोर्स व्हायचा, मगच हात लावू द्यायचे. यांनी उघड्यावर, तंबूंच्या छावणीत, बऱ्याचदा चिखलात उभं राहून शिकून घेतलं.

मर्लिनचं एक उदाहरण देतो. प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण चोवीस स्पार्क प्लग. बॉम्बर्सना सोबत करताना इंजिन तासन्‌तास कमी शक्तीवर चालवावं लागतं. पेट्रोलमधल्या शिशाचा थर प्लगवर बसतो आणि इंजिन अडखळायला लागतं. हे आल्प्सवर झालं तर वैमानिकाला परत फिरावं लागतं, किंवा परत येताच येत नाही. म्हणून विमान उतरलं की प्लग काढा, साफ करा, नाहीतर बदला, पुन्हा बसवा, रन-अप घ्या, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून पाहा. ते झाल्याशिवाय झोप नाही. सकाळी क्रू चीफने, म्हणजे त्या विमानाच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या मेकॅनिकने, सही केली की मगच विमान वैमानिकाच्या ताब्यात. मस्टँगचं नाक लांब आणि शेपूट खाली, त्यामुळे जमिनीवर चालवताना वैमानिकाला समोरचं दिसत नाही. तेव्हा क्रू चीफ पंखावर बसून हाताने दिशा दाखवत धावपट्टीपर्यंत जायचा.

सप्टेंबर 1944 च्या सुमाराचा एक फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. स्टाफ सार्जंट विल्यम अकू आपल्या वैमानिकाची मस्टँग साबणपाण्याने धुतोय, नंतर तिला मेण लावायचंय, हवेतून जास्त सुळसुळीत जावी म्हणून. वेगात फरक किती पडला असेल, तर थोडासा. पण आपल्या विमानाला तो थोडासा फरकही मिळावा म्हणून राबणारा क्रू चीफ मला लगेच ओळखू येतो.

24 मार्च 1945 ला बर्लिनची मोहीम झाली. इटलीतल्या रामितेल्लीहून जाऊन-येऊन सुमारे 1,600 मैल, अमेरिकेच्या पंधराव्या हवाई दलाची सर्वांत लांब धाव. त्यासाठी नेहमीपेक्षा मोठ्या, 110 गॅलनच्या टाक्या प्रत्येक पंखाखाली लावायच्या होत्या. भरलेली एक टाकी तीनशे किलोच्या वर. ती पंखाखालच्या रॅकला अडकवायची, हलू नये म्हणून आधार आवळायचे, नळ्या जोडायच्या, आणि इंजिन चालवून त्या टाकीतलं पेट्रोल खरंच ओढलं जातंय ना, ते पाहायचं. हे सगळं आदल्या रात्रीत झालं. त्या मोहिमेत ग्रुपने तीन जर्मन जेट पाडली. त्यातलं एक रॉस्को ब्राउनने. त्याचा क्रू चीफ होता मार्सेलस स्मिथ. ब्राउनचं नाव बहुतेक लेखांत येतं, स्मिथचं क्वचितच.

(त्याच काळात त्याच इटलीत आपली मराठा पलटणही लढत होती. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते तिथेच.)

युद्धानंतरचं थोडक्यात. 1948 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला भेदभाव संपवण्याचा आदेश काढला. 1949 मध्ये लास व्हेगासला हवाई दलाच्या नेमबाजी स्पर्धेत 332व्या ग्रुपने पंख्याच्या विमानांच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्यांच्या विमानांच्या देखभालीत सार्जंट बुफर्ड जॉन्सन होते. विजेत्यांच्या यादीत मात्र त्या वर्षीचा विजेता कित्येक वर्षं 'अज्ञात' राहिला, याची मला आजही चीड येते. 2007 मध्ये काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, सुवर्णपदक मिळालं ते फक्त वैमानिकांना नाही, सगळ्यांना. त्यांची संघटनाही 1941 ते 1949 मध्ये या तुकड्यांत काम केलेल्या प्रत्येकाला, स्त्री असो की पुरुष, टस्कीगी एअरमनच मानते.

मेकॅनिकांची नावं सापडत नाहीत याचं एक साधं कारणही आहे. वैमानिकाने विमान पाडलं की त्याचा अहवाल व्हायचा. प्लग बदलल्याचा अहवाल कोण जपून ठेवणार? त्यात जुलै 1973 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या अभिलेखागाराला आग लागली आणि 1912 ते 1960 दरम्यान सेवा संपलेल्या भूदलाच्या माणसांच्या बहुतांश फाइली जळाल्या. युद्धाच्या वेळी हवाई दल भूदलाचाच भाग होतं, म्हणजे हे लोकही त्यातच आले. तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती शोधा, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले, छायाचित्रकार टोनी फ्रिसेल यांनी मार्च 1945 मध्ये रामितेल्लीला काढलेले फोटो पाहा. मार्सेलस स्मिथ त्यांत आहेत.