वाचकांचे प्रश्न : कार्वेअरच्या नाकावरची रेघ

प्रश्न : एकेकाळी इंग्लिश खाडीवरून मोटारी वाहून नेणाऱ्या विमानांच्या मूळ लिव्हरी (विमानाच्या अंगावरची कंपनीची रंगसंगती आणि अक्षरे) मी ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या संगणकावरील विमान चालवण्याच्या खेळासाठी तयार करीत आहे. जी-एएनवायबी या नोंदणीच्या कार्वेअर जातीच्या विमानाची जी छायाचित्रे मला मिळाली, त्यांत पट्ट्याचा रंग प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. शिवाय मी काढलेली रेघ नाकाजवळच्या दरवाजापाशी तुटते. काय करावे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रंगाला हात लावण्यापूर्वी आपण एक तारीख पक्की करावी. डग्लस डीसी-४ चा पुढचा भाग बदलून, चालकाची खोली वर उचलून आणि नाकाला बाजूला उघडणारा दरवाजा बसवून तयार झालेले हे पहिले कार्वेअर २१ जून १९६१ रोजी उडाले. त्यात पाच मोटारी आणि सुमारे बावीस प्रवासी मावत. त्या वेळी ते चॅनेल एअर ब्रिजचे होते. १ जानेवारी १९६३ रोजी ही कंपनी आणि सिल्व्हर सिटी ही दुसरी विमान कंपनी एकत्र येऊन ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज झाली. नोंदणीची अक्षरे तीच राहिली, नाव मात्र बदलले. म्हणून केवळ अक्षरे जुळतात एवढ्यावरून दोन छायाचित्रे एकाच लिव्हरीची समजू नयेत. कंपनी बदलली त्याच दिवशी विमानाचा रंगही बदलला, असेही गृहीत धरू नये. अंगावरचे नाव वाचून छायाचित्रांचे गट पाडावेत आणि एकाच गटावर काम करावे.

रंगाच्या बाबतीत घरातला सत्तरच्या दशकातला लग्नाचा अल्बम उघडून पाहावा. त्यातले पुष्कळ रंगीत फोटो आता लालसर झालेले असतात, कारण छपाईतला निळसर रंगद्रव्याचा थर आधी विटतो. विमानांच्या छायाचित्रांचेही तेच होते. अंधारात नीट जपलेल्या कोडाक्रोम या फिल्मवरच्या पारदर्शिका (स्लाइड) मात्र बऱ्याच विश्वसनीय असतात. छायाचित्रात जमिनीवरील एखाद्या माणसाचा पांढरा सदरा असेल, तर तो पांढरा दिसेपर्यंत संपूर्ण चित्राचा तोल सुधारावा आणि मगच पट्ट्याचा रंग उचलावा. कृष्णधवल चित्रावरून छटा ठरवणे धोक्याचे आहे. लाल आणि निळा हे दोन्ही रंग त्यात एकाच करड्या रंगाचे दिसू शकतात.

रेघेच्या दोषाची कारणे दोन आहेत. निमुळत्या फुलपात्राला कागदाची सरळ पट्टी चिकटवून पाहावी; ती काठाला समांतर राहत नाही, वळत जाते. नाकाचा आकारही तसाच निमुळता असल्यामुळे सपाट चित्रातली सरळ रेघ मॉडेलवर वाकते. म्हणून आधी चौकटींची जाळी रंगवून ती सिम्युलेटरमध्ये पाहावी आणि चौकटी जिथे ताणल्या जातात तिथे रेघेला उलट दिशेने बाक द्यावा. दुसरे कारण असे की, दरवाजा आणि धड हे टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर गुंडाळल्या जाणाऱ्या सपाट चित्रात, बहुधा वेगळे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेपलीकडे आठ-दहा पिक्सेल रंग वाहू द्यावा, नाहीतर दूरच्या दृश्यासाठी प्रतिमा लहान होताना फटीत पार्श्वभूमीचा रंग उतरतो. ब्रिस्टल फ्रेटर हे मोटारी नेणारे दुसरे विमान करायला घ्याल तेव्हा लक्षात ठेवावे की त्याच्या नाकाची दोन दारे मधोमध उघडतात, म्हणून तिथे फट समोरच उभी येते.

अक्षरांसाठी संगणकातला तयार टंक वापरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. राजवाड्याजवळच्या जुन्या दुकानांवर पेंटरने हाताने लिहिलेल्या पाट्या पाहिल्या, तर एकाच पाटीवरची एकाच अक्षराची दोन वळणे किंचित वेगळी आढळतात. विमानावरचे प्रत्येक अक्षरही छायाचित्रावरूनच गिरवावे. विमानाच्या दोन बाजू स्वतंत्र काढाव्यात. एक बाजू आरशाप्रमाणे उलटवली, तर अक्षरेही उलटी होतात.

शेवटी फाइल डीएक्सटी-५ प्रकारच्या डीडीएस या प्रतिमा-स्वरूपात साठवावी. या सिम्युलेटरसाठी प्रतिमा बहुधा वरची बाजू खाली करून ठेवावी लागते. एअरक्राफ्ट डॉट सीएफजी या विमानाच्या माहितीच्या फाइलमधील नव्या नोंदीचे शीर्षक इतर कोणत्याही नोंदीशी जुळता कामा नये.