पडीक वरकसात बटाटा : नांगर नको, तणनाशक तर नकोच

प्रश्न (राजापूर तालुका) : घरामागे चार गुंठे वरकस, म्हणजे भात न होणारी माळाची जमीन, गवताखाली पडून आहे. विहिरीचं पाणी आहे. न नांगरता पेंढ्याखाली बटाटा होतो म्हणतात. दुकानदार सांगतो, आधी ग्लायफोसेट मारा, पाऊस लागला की बेणं लावा. करू का?

उत्तर : बटाटा जरूर करा. दुकानदाराचं मात्र यातलं एकही ऐकू नका.

कोकणच्या पावसात लावलेलं बेणं कुजतं. बटाटा पोसायला गार रात्र लागते आणि ती आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतच मिळते. म्हणून लावणी भात झोडून झाल्यावर, 15 नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा. त्यानंतर लावाल तर पाला माजेल आणि खाली गोट्या सापडतील.

ग्लायफोसेटच्या लेबलवर बटाटा नाही. ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरायचं आहे. पंप पाठीवर घेऊन तुम्ही मारायचं औषध नव्हे ते. गवत विळ्याने जमिनीलगत कापा आणि तिथेच पसरा. हरळी किंवा लव्हाळा असेल तेवढी जागा सोडा. ही तणं पेंढ्याला दाद देत नाहीत.

बेणं कोंब आलेलं, अख्खं, 30 ते 40 ग्रॅमचं घ्या. गुंठ्याला 25 ते 30 किलो पुरतं. बाजारातला खायचा बटाटा लावू नका. जात कुफरी सूर्या मिळाली तर उत्तम, ती उष्णता सोसते. जमीन भिजवा, कुजलेलं शेणखत टाका, गवत बाजूला सारून बेणं मातीला टेकवा आणि वर वीतभर पेंढा घाला. पेंढा बसतो, म्हणून महिन्याने पुन्हा घाला. संगमेश्वरकडच्या एका वाफ्यात मी पेंढा उचलला तर चार बोटंच उरला होता आणि खालचे बटाटे कच्च्या लिंबासारखे हिरवे. हिरवा बटाटा खाऊ नये, विकूही नये.

युरिया गुंठ्याला दोन किलोच्या वर नाही. एक किलो लावणीला, एक महिन्याने, बस्स. 40 दिवसांनंतर चिमूटभरही नको. "पाला पिवळा दिसतो, अजून टाका" हा दुकानातला सल्ला घेऊन नुसता पाला काढलेले मी किती पाहिले! टॉनिकच्या बाटल्यांनाही तेच. चुनाही टाकू नका. बटाट्याला आपली आंबट माती चालते, चुन्याने सालीवर खपली धरते.

कोरड्या गवतात पेंढा म्हणजे वणव्याला आमंत्रण. वाफ्यांभोवती दोन हात पट्टा साफ ठेवा. उंदरांसाठी रोज फेरी मारा.

ठिबकसाठी महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करा : अल्प-अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, इतरांना 45, राज्याचं पूरक अनुदान वेगळं.

पहिल्या वर्षी एकच गुंठा करा. त्यासाठी गुरांचा चांगला पेंढा मोडू नका, भिजून खराब झालेला वापरा. पाला वाळला की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी पेंढा बाजूला करून हाताने बटाटे वेचा, सावलीत सुकवा. उरलेला पेंढा काजूच्या आळ्यात घाला.