पाणी सुटायच्या आत पोहोचा

प्रश्न : दिवाळीनंतरच्या एका रविवारी कोलाडला जाऊन राफ्टिंग (रबरी नावेतून वाहत्या नदीत जाणं) आणि जमलं तर ट्यूबिंग (हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून तरंगणं) करायचं, रात्री घरी परतायचं, असा बेत आहे. आम्ही सात जण : मी, नवरा, दीर-जाऊ, कॉलेजातली पुतणी, माझा नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. पोहता फक्त दिरांना येतं. सासूबाई म्हणतात, "मला घरी ठेवणार असाल तर कुणीच जाऊ नका." सकाळी नऊला आरामात निघालं तर चालेल ना? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नऊला निघालात तर नदी बघाल, मासे खाल आणि परत याल. राफ्ट काही मिळायची नाही.

कोलाडच्या कुंडलिका नदीतलं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली उतरवून तिथे १९२७ पासून वीज काढतात. (याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता.) वीजघर चाललं की पाणी नदीत येतं. बहुतेकदा ते सकाळीच येतं आणि राफ्टवाल्यांचा सगळा दिवस त्याच्या मागे धावतो. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या पाणी किती वाजता?" एवढं विचारा आणि त्याच्या तासभर आधी पोहोचायचा हिशेब धरा. मुलुंडहून ऐरोली पूल, पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाड, आणि तिथून आत नदीकडे. मुंबई-गोवा महामार्गाचं काम कित्येक वर्षं उलटली तरी संपत नाही, तेव्हा किलोमीटर बघून वेळ ठरवू नका. पहाटे साडेचारला गाडी सुटलीच पाहिजे. सासूबाई चहाशिवाय हलत नसतील तर थर्मास भरून घ्या.

या पाण्याची एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सकाळी नदी ओढ्यासारखी दिसते, मधले गोटे उघडे, पाणी घोट्याएवढं. मुलं धावतात, मोठी माणसं फोटोसाठी मधल्या खडकावर जाऊन बसतात. पाणी सुटलं की तोच खडक दिसेनासा होतो. मुलाला आयोजकाच्या माणसाशिवाय पात्रात उतरू देऊ नका.

आता कोणी काय करायचं. राफ्टमध्ये तुम्ही पाच जण. पोहता येत नाही याची लाज नको, मलाही येत नव्हतं. मी एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बसले आणि दुसऱ्याच उसळीत चष्म्यासकट बाहेर पडले. मी वर आले, चष्मा अजून कुंडलिकेत आहे. तुमच्यापैकी कोणाला चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. नऊ वर्षांच्या मुलाला राफ्टमध्ये नको. बहुतेक ठिकाणी चौदाच्या खाली घेत नाहीत, आणि कोणी "बसवू की, काय होतंय" म्हणालाच तर त्याच्याकडे तुम्हीही बसू नका.

मुलासाठी ट्यूबिंग चांगलं, पण संथ डोहात, काठाला दोरी धरून माणूस उभा असेल तिथेच. ट्यूबमध्येही लाइफ जॅकेट हवंच. ट्रकची ट्यूब असेल तर हवा भरायचा वॉल्व्ह खालच्या बाजूला आहे ना बघा, नाहीतर पाठीवर लांबलचक ओरखडा घेऊन घरी याल. उथळ जागी बूड उचलायला शिकवा, दगड तिथेच लागतात. आणि दोन ट्यूब दोरीने एकमेकींना बांधायची हौस नको, दोरी दगडात अडकते.

जॅकेटबद्दल मी हट्टी आहे. एकदा आम्हाला बक्कल तुटलेली जॅकेटं मिळाली आणि "काही होत नाही मॅडम" असं उत्तरही मिळालं. आम्ही पैसे सोडून परत आलो. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसवा. वल्ह्याच्या टोकावरची मूठ हातातून सोडायची नाही, नाहीतर शेजारणीचे दात जातील. पडलात तर पाठीवर तरंगा, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो, पण वाहत्या पाण्यात पाय दगडात अडकला की पाणी माणसाला वाकवतं.

जीन्स नको, भिजली की किलोभर जड होते. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला पहिल्या वळणावर जातात. मंगळसूत्र घरी. मांड्यांना सनस्क्रीन लावा, तोंडाला सगळेच लावतात.

आणि सासूबाई. त्यांना दोन-अडीच तास नदीकाठी खुर्चीत बसवलंत तर परतीच्या वाटेवर तुमचं काही खरं नाही. त्यांच्यासाठी पाली ठेवा. जेवून लवकर निघा, नागोठण्याच्या अलीकडे वाकण फाट्याला आत वळलं की बल्लाळेश्वर, आणि मग खोपोलीवरून मुंबई. दर्शनाची भर पडली की सहल त्यांची होते, तुम्ही फक्त वाटेत भिजून घेतलेलं असतं. सकाळी मात्र मुलाच्या ट्यूबवर लक्ष ठेवायचं काम त्यांनाच द्या. आजीची नजर पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा बरी, फक्त उडी मारायची नाही हे त्यांना बजावा.

प्रश्न : हीच सहल जुलैत केली तर? हिरवंगार असतं म्हणतात. (तोच पत्ता, बहुधा पुतणी)

उत्तर : हिरवंगार असतं, खरं आहे. पण पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात डोंगराचं पाणी मिसळतं, नदी मातकट होते आणि खालचा दगड दिसत नाही. सरावलेल्या वाटाड्याबरोबर तू एकटी राफ्टिंगला जा हवं तर, आईबाबांना विचारून. ट्यूब घरी ठेव, आणि चुलतभावालाही.