ॲप, वजनकाटा आणि ताट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वजन कमी करण्याविषयी या वेळी आलेल्या पत्रांत काय खावे यापेक्षा कशाने मोजावे याचीच चौकशी अधिक आहे. त्यांतील काही पत्रे येथे घेतली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गेले काही महिने मी खाल्लेला प्रत्येक पदार्थ मोबाइलमधील ॲपमध्ये नोंदवते. दिवसाची बेरीज 1,400 कॅलरींच्या वर जात नाही, तरीही वजन जागचे हलत नाही. थायरॉइडची तपासणी सामान्य आली आहे. माझे चयापचयच मंद असेल का?

उत्तर : थायरॉइडची तपासणी आपण आधीच करून घेतलीत, हे योग्य झाले. आता चयापचयावर संशय घेण्यापूर्वी आपल्या नोंदींकडे पाहावे असे मी सुचवीन. आपण खोटे लिहिता असा त्याचा अर्थ मुळीच नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी नेमकी हीच तक्रार असलेल्या, म्हणजे 1,200 कॅलरींहून कमी खाऊनही वजन घटत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींची तपासणी केली. त्यांचे चयापचय अपेक्षेप्रमाणेच चालत होते. मात्र त्यांनी आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त सांगितली होती. आपण किती खातो याचा अंदाज माणसाला फारसा येत नाही, आणि ॲप तो अंदाजच आकड्याच्या रूपात परत दाखवते.

चूक बहुधा तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण तेलाचे. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून सुमारे 9. त्यामुळे 15 मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी होतात, आणि बाटलीतून थेट भांड्यात ओतलेले तेल एक चमचा होते की दोन, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरे, धान्य शिजताना पाणी शोषून दुप्पट-तिप्पट जड होते. शिजलेले अन्न तोलून ॲपमध्ये कच्च्या धान्याची नोंद निवडली किंवा याच्या उलट केले, तर त्या जेवणाचा हिशेब पार कोलमडतो. तिसरे ठिकाण म्हणजे स्वयंपाक करताना घेतलेली चव, इतरांनी उरवलेले चार घास आणि चहा-कॉफीतले दूध-साखर. यांची नोंद क्वचितच होते.

यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरात ठेवायचा, ग्रॅममध्ये मोजणारा साधा काटा आणि मोजण्याचे चमचे. दोन आठवडे सर्व काही तोलून लिहावे. त्या काळात वजन स्थिर राहिले, तर जी बेरीज येईल तीच आपली सध्याची रोजची गरज आहे असे समजावे, मग ॲपने सुरुवातीला आपले वय आणि उंची विचारून कोणताही आकडा दिलेला असो. तिच्यातून 300 ते 500 कॅलरी कमी करणे बहुतेकांना झेपते. काटा जन्मभर वापरण्याची गरज नाही; नजर एकदा तयार झाली की तो कपाटात ठेवावा आणि वजन पुन्हा थबकले तरच बाहेर काढावा.

प्रश्न : एका मैत्रिणीचे वजन कर्बोदके जवळजवळ बंद करून उतरले, तर दुसरीचे तेल-तूप कमी करून. मी कोणता मार्ग धरावा?

उत्तर : या प्रश्नाचा चांगला अभ्यास झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 प्रौढ व्यक्तींचे दोन गट करून एका गटाला कमी स्निग्ध, तर दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार वर्षभर घ्यायला लावला आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलो, तर दुसऱ्याचे 6 किलो घटले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. प्रत्येक गटात मात्र व्यक्तिव्यक्तींमध्ये मोठी तफावत होती. काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे वाढलेसुद्धा. म्हणजे आपल्या दोन्ही मैत्रिणींचे अनुभव खरे आहेत. मला या अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते : दोन्ही गटांना भाज्या भरपूर खाण्याची आणि साखर, मैदा व कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ टाळण्याची एकच सूचना होती, आणि कॅलरींची मर्यादा कोणालाही घालून दिलेली नव्हती.

प्रक्रियेचा परिणाम किती होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील 2019 च्या प्रयोगातून दिसले. 20 जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रियेचे अन्न दिले गेले. पुढे ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि तंतुमय घटक दोन्ही वेळा सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन सरासरी 0.9 किलो वाढले. दुसऱ्या आहारावर ते जवळजवळ तेवढेच घटले. मऊ, कमी चावावे लागणारे अन्न भराभर पोटात जाते आणि पोट भरल्याची जाणीव मागाहून येते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे.

तेव्हा मार्ग निवडताना कोणता घटक वगळावा यापेक्षा पोट कशाने भरते, याचा विचार करावा. ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी भरावा, कारण त्यांत पाणी आणि तंतुमय घटक जास्त व कॅलरी कमी असतात. प्रत्येक जेवणात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे किंवा दुग्धजन्य पदार्थ यांपैकी काहीतरी प्रथिनयुक्त असावे. प्रथिनांनी भूक अधिक काळ शमते आणि वजन उतरताना स्नायूंची होणारी झीज आटोक्यात राहते. गोड पेये आणि फळांचे रस मात्र पहिल्याच दिवशी बंद करावेत, कारण द्रवातून आलेल्या कॅलरींच्या प्रमाणात पुढच्या जेवणातले खाणे कमी होत नाही. कृत्रिम गोडी हा त्यांना पर्याय नाही. वजन नियंत्रणासाठी ती वापरू नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये केली आहे. यातून जो आहार आपण वर्षभर कुरकुर न करता खाऊ शकाल, तो कमी स्निग्ध आहे की कमी कर्बोदकांचा, याला फारसे महत्त्व उरत नाही.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात माझे वजन अडीच किलो उतरले आणि नंतर काटा रोज वरखाली नाचू लागला. शरीरातील चरबी सांगणारा नवा काटा घ्यावा का?

उत्तर : नवा काटा घेऊ नये. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. खाणे एकदम कमी झाले की हा साठा खर्च होतो आणि पाणीही जाते. आपल्या अडीच किलोंतील मोठा वाटा बहुधा त्याचाच असावा, कारण 1 किलो शारीरिक चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात आणि एवढी तूट आठवड्याभरात अडीच वेळा निर्माण करणे जवळजवळ अशक्य आहे. नंतरचे चढउतार खारट जेवण, मासिक पाळी किंवा पोट साफ न होणे यांमुळे होतात. चरबी सांगणारे घरगुती काटे पायांतून सौम्य वीज सोडून अडथळा मोजतात आणि शरीरातील पाण्यानुसार त्यांचे उत्तर बदलते, म्हणजे जी अडचण आहे तीच आणखी वाढते. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून फक्त आठवड्याच्या सरासऱ्यांची तुलना करावी. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा टेपने कंबर मोजावी. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असणे हे प्रौढांसाठी वापरले जाणारे सोपे प्रमाण आहे.

प्रश्न : मनगटावरील घड्याळ व्यायामात 400 कॅलरी जळाल्याचे दाखवते. तेवढे जास्तीचे खाल्ले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. 2017 मध्ये सात मनगटी उपकरणांची चाचणी झाली, तेव्हा हृदयाचे ठोके त्यांतील बहुतेकांनी बऱ्यापैकी अचूक मोजले. खर्च झालेल्या कॅलरींत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही चूक 27 टक्के होती. पावले मोजण्यासाठी आणि बसून राहिल्याची आठवण करून देण्यासाठी हे घड्याळ उपयोगी आहे, तेवढ्यासाठी ते जरूर वापरावे. 10,000 पावलांचे उद्दिष्ट मात्र मनाला लावून घेऊ नये. तो आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. आज आपण 4,000 चालत असाल, तर पुढील महिन्यात 6,000 चालणे हीच मोठी प्रगती आहे.

प्रश्न : माझी 13 वर्षांची मुलगी थोडी स्थूल आहे. तिलाही कॅलरी मोजण्याचे ॲप द्यावे का?

उत्तर : कृपया देऊ नये. या वयात शरीर वाढीस लागलेले असते आणि वजन न घटताही, केवळ उंची वाढल्याने मूल प्रमाणात येऊ शकते. शिवाय आकड्यांचा ध्यास लागून खाण्याविषयी भीती बसण्याचा धोका किशोरवयात अधिक असतो. वजन खरोखर जास्त आहे का, हे बालरोगतज्ज्ञांनी वय आणि उंचीनुसार असलेल्या वाढीच्या आलेखावर पाहून ठरवावे. तोपर्यंत घरात गोड पेये आणू नयेत, सर्वांनी एकत्र बसून तेच जेवण जेवावे आणि तिच्या वजनाची चर्चा तिच्यासमोर करू नये.